धडधड पकडायला काढलेली रांगोळी

माझ्या आजाराचं नाव मला पहिल्यांदा सुनेच्या घड्याळानं सांगितलं.

रविवारची सकाळ होती. दारात सडा घातला, रांगोळी काढली, आत आले आणि डायनिंग टेबलाची कड धरून उभी राहिले. छातीत धडधड सुरू झाली होती. तशी ती वर्षभर अधूनमधून येत होती, पण मी कुणाला बोलले नव्हते. पंचावन्नी उलटली होती, रक्तदाबाची गोळी चालू होती, शिवाय दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी. कारणं शोधायला बसलं की काय, ढीगभर सापडतात. एरवी दोन-चार मिनिटांत धडधड आपोआप जायची. त्या दिवशी जाईना.

सायली, माझी सून, पुण्याची. इथं बेंगळुरूला आयटीत आहे. माझा मुलगा कामासाठी परदेशी गेल्यापासून घरात आम्ही तिघंच: मी, हे आणि ती. तिनं माझ्या गळ्याकडे पाहिलं आणि हातातला चहाचा कप खाली ठेवला.

"आई, बसा आधी. तुमची शीर केवढी उडतेय. वेट, माझं वॉच लावते तुम्हाला."

घड्याळ मनगटावर बांधलं, त्याच्या कडेच्या बटणावर दुसऱ्या हाताचं बोट ठेवायला लावलं. माझा हात थरथरत होता. थोड्या वेळानं पडद्यावर इंग्रजी अक्षरं आली. एट्रियल फिब्रिलेशनची शक्यता. सायलीनं लगेच फोनवर शोधलं आणि मोठ्यानं सांगायला लागली. हृदयाचे वरचे कप्पे नीट आकसत नाहीत, नुसते थरथरतात. ठोके वाट्टेल तसे पडतात. रक्ताची गुठळी होऊ शकते, आणि ती गुठळी जर मेंदूत...

ती थांबली.

"पुढं वाच की," हे म्हणाले.

ती वाचेना. वाचायची गरजही नव्हती. पुढचं मला पाठ होतं.

आईचं अंथरूण

आमचं माहेर निपाणीचं. आई म्हणायची, "छातीत पाखरू फडफडतंय गं." आम्ही म्हणायचो, दमलीस, जरा पड. एका दुपारी ती चुलीपुढून उठता उठता कोसळली आणि उजवी बाजू गेली. मग बेळगावच्या डॉक्टरांनी सांगितलं, ठोके अनियमित होते, गुठळी झाली, ती मेंदूत गेली.

गावात कुणाच्याही लग्नात पुरणपोळ्या लाटायला सगळ्यात पुढं असणारी बाई. तिला मी चमच्यानं पातळ खिमट भरवलं. वहिनी आणि मी मिळून तिची कूस बदलायचो. वर्षानुवर्षं. ती आमच्याकडे बघायची आणि डोळे मिटून घ्यायची. तिला लाज वाटायची, हे मला कळायचं आणि काही करता यायचं नाही.

म्हणून खरंच सांगते, मरणाची भीती मला त्या रविवारीही वाटली नाही. भीती होती ती अंथरुणाची. सायलीकडून मला कूस बदलून घ्यायची नव्हती. पोर गुणी आहे, तिनं केलंही असतं. म्हणूनच नको होतं.

विळी माळ्यावर

कोपऱ्यावरच्या दवाखान्यात पोचेपर्यंत धडधड थांबली होती. तिथल्या ईसीजीत एखाददुसरा जादा ठोका सोडला तर काही नव्हतं. डॉक्टरांनी सायलीच्या फोनमधला घड्याळाचा आलेख पाहिला, आईचं ऐकलं, रक्तदाब मोजला आणि म्हणाले, "धोका पत्करायला नको." रक्त पातळ करायची गोळी लिहून दिली आणि हृदयाच्या मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. त्यांना मी दोष देत नाही. त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं.

पण घर बदललं. रक्त पातळ करायची गोळी म्हणजे कापलं तर लवकर थांबणार नाही, एवढं ह्यांच्या डोक्यात बसलं आणि संध्याकाळी माझी विळी माळ्यावर गेली. मागोमाग सुरी गेली. आमचे हे पीण्या भागात गिअर बनवणाऱ्या कारखान्यात तपासणी विभागात आहेत. आयुष्यभर माल पास-नापास करत आलेला माणूस. आता घरातली एकेक वस्तू नापास व्हायला लागली. कॉफी बंद. लोणचं बंद. जिना बंद. मोठ्यानं बोलणं बंद, हे तर मला शक्यच नव्हतं.

"भाजी कशानं चिरू, दातानं?" मी विचारलं.

"चिरलेली मिळती की जयनगरात."

विकतच्या चिरलेल्या भेंडीची भाजी खाऊन बघा एकदा, म्हणजे माझं दुःख कळेल.

समोरच्या घरातल्या जयक्कांनाही बातमी लागली. जयक्का माझ्यापेक्षा वयानं मोठ्या. मी लग्न होऊन या गल्लीत आले तेव्हा चुक्की रंगोली, म्हणजे आपली ठिपक्यांची रांगोळी, मला त्यांनीच शिकवली. इथं रोज सकाळी प्रत्येक दारात ती असतेच. नसली तर लोकांना वाटतं, घरात काही वाईट झालं. दुसऱ्याच दिवशी जयक्का आपला डबा घेऊन आमच्या दारात हजर.

"मंदा, तुम्ही कूतकोळ्ळी. बसा. मी काढते."

"अहो अक्का, नको."

"परवागिल्ला, काही हरकत नाही."

त्या दिवसापासून आमच्या दारातली रांगोळीही त्यांनीच काढली. आणि त्या दिवसापासून धडधडही आली नाही. गोळी लागू पडली, असं हे म्हणाले. मीही तसंच समजले.

पाहुणा

हॉस्पिटलच्या डॉक्टरबाई विजापूरकडच्या निघाल्या. त्यांची कन्नड आमच्या सीमाभागातल्या कन्नडसारखी, ऐकूनच मला निम्मं बरं वाटलं. त्यांनी घड्याळाचा आलेख बोटांनी मोठा करून पाहिला.

"काकू, तेव्हा हात थरथरत होता का?"

"चांगलाच."

"मग यात हाताची थरथर किती आणि हृदयाची किती, मी सांगू शकत नाही. घड्याळाला शंका आली, ते बरं झालं. पण नाव मी ठेवणार नाही."

त्यांनी मला जे समजावलं ते मी माझ्या शब्दांत सांगते, कारण तुमच्यापैकी कुणी याच रांगेत बसलं असेल. ठोका चुकतो, धडधडतं, फडफडतं, हे सगळं आपल्याला एकच वाटतं. पण आत ते वेगवेगळं असतं. काही प्रकार नुसते त्रास देतात. काही, हृदयात बारीक तार घालून, तिनं जाळून कायमचे घालवता येतात. काहींना जन्मभर गोळी लागते, आणि ती नाही घेतली तर माझ्या आईसारखं होऊ शकतं. बाहेरून हात लावून ओळखता येत नाही. धडधड सुरू कशी झाली, मध्ये कशी चालली आणि थांबली कशी, हे रेकॉर्डिंगवर दिसावं लागतं.

"चोर आत शिरताना दिसला पाहिजे," त्या म्हणाल्या. "तोवर गोळी चालू ठेवा."

मग मला एका खोलीत नेलं. छातीवर चिकट गोल पट्ट्या, त्यांना वायरी आणि वायरींच्या टोकाला गळ्यात अडकवायची डबी. दिवसभर आणि रात्रभर ती ठोके टिपणार. डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या, नेहमीसारखं राहा. लावणारा मुलगा हिंदीत म्हणाला, बस नहाना मत. आमच्या घरानं त्यातलं फक्त "मत" ऐकलं.

घरी पाहुणा येतो तेव्हा आपण काय करतो? पसारा कॉटखाली ढकलतो, चांगली चादर घालतो, पोरांना गप्प बसवतो. त्या डबीचं तसंच झालं. ह्यांनी सुट्टी टाकली. मला दिवाणावर बसवलं, पाठीला लोड, पायाखाली उशी. सायलीनं घरून काम घेतलं आणि मीटिंगमध्ये कुजबुजत बोलली. जेवायला मऊ भात आणि वरण. फराळाच्या ऑर्डरवाल्यांना सायलीनं परस्पर कळवलं. जयक्कांनी रांगोळी काढली आणि खिडकीतून विचारलं, "स्वल्प बरं वाटतं?" माझा चष्मा खाली पडला तर तो उचलायला घरातले दोघं एकदम धावले आणि एकमेकांवर आपटले. मला हसू आलं, तर हे म्हणाले, "हसू नकोस, रेकॉर्डिंग चालू आहे."

इतका निर्दोष दिवस मी लग्नानंतर कधी काढला नव्हता.

रिपोर्ट अर्थातच स्वच्छ आला. हे हॉस्पिटलच्या व्हरांड्यात माझा हात धरून उभे राहिले, आणि चारचौघांत हात धरणारा हा माणूस नव्हे. डॉक्टरबाई मात्र खूश दिसेनात.

"त्या दिवशी काय काय केलंत?"

मी सांगितलं. चष्म्यापर्यंत सगळं.

त्या खुर्चीत मागं टेकल्या. "काकू, तुम्ही माझ्यासाठी घर आवरून ठेवलंत. मला पसारा बघायचा होता."

मग त्यांनी विचारलं, याआधी धडधड यायची तेव्हा तुम्ही काय करत असायचात? मला सांगता येईना. घरचंच काही तरी काम चालू असायचं, एवढंच म्हणाले. त्या म्हणाल्या, आठवा.

भांडण

परतताना मेट्रोत बसून मी आठवायला लागले. त्या रविवारी रांगोळी. त्याआधी एकदा खालच्या कपाटातून भाजणीचा डबा काढताना. एकदा कॉटखालची चप्पल ओढताना. एकदा मार्केटात पिशवी उचलताना. मग एकदम लक्षात आलं. प्रत्येक वेळी मी वाकले होते. आणि जयक्कांनी रांगोळी हातात घेतल्यापासून, ह्यांनी माझा चष्मासुद्धा उचलायला घेतल्यापासून, मला घरात कुणी वाकूच दिलं नव्हतं.

घरी आल्यावर मी हे सांगितलं.

"मग वाकू नकोस की," हे म्हणाले. "सापडलं न्हवं कारण?"

"कारण सापडलं. आजार कुठं सापडला?"

"वाकायचं नाही, गोळी घ्यायची. विषय संपला. मुद्दाम धडधड आणायला निघालीस काय? नाव काय का असंना त्याचं."

"आणि जन्मभर चिरलेली भाजी खात, विळीला भीत दिवाणावर बसू?"

"बसलीस तर काय बिघडलं?" त्यांचा आवाज चढला आणि मग एकदम खाली आला. "बसलीस म्हणजे असशील तरी."

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण असं वाक्य या माणसानं कधी उच्चारलं नव्हतं. तरी मी बोललेच.

"आईपण होती. नुसती होती."

ते उठून गॅलरीत गेले. सायली इतका वेळ लॅपटॉपमागं दडून बसली होती. ती त्यांच्या मागं गेली. "बाबा, आपल्याकडे डेटाच नाहीये. कदाचित आईंना ही गोळी नकोच असेल. कदाचित हवीच असेल. आत्ता आपण फक्त गेस करतोय." जेवताना ह्यांनी भात पानात तसाच टाकला. अन्न टाकणं त्यांच्या स्वभावात नाही. ते बघून मला त्यांचा राग यायचा थांबला.

सकाळी बूट घालताना ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "लोड देऊन पळवल्याशिवाय मशीन पास करत नाही आम्ही."

"म्हणजे?"

"म्हणजे घे लावून दुसरं रेकॉर्डिंग. पण मी समोर असतानाच वाकायचं."

बोलावलं की येत नाही

या वेळी छातीवर एकच पट्टी चिकटवली. ती आठवडाभर राहणार होती आणि तिच्यावर एक बटण होतं. धडधड आली की दाबायचं. डॉक्टरबाईंनी बजावलं, चक्कर आली किंवा छातीत दुखलं तर सरळ हॉस्पिटल गाठायचं. नाहीतर थोडा वेळ चालू द्यायची, मग नाक-तोंड बंद करून जोर लावायचा, त्यानं बहुतेक थांबेल. तुमच्या बाबतीत तुमचे डॉक्टर काय सांगतील ते ऐका. माझं बघून घरी प्रयोग करू नका.

सगळ्यात अवघड काम होतं जयक्कांना सांगण्याचं. त्या पहाटे डबा घेऊन आल्या, मी म्हटलं, आजपासून मी काढणार.

त्यांचा चेहरा पडला. "माझी रेघ वाकडी येते का?"

मी पदर बाजूला करून पट्टी दाखवली आणि सगळं समजावलं.

"म्हणजे त्रास व्हावा म्हणून रांगोळी काढणार?"

"हो."

"देवरे," असं म्हणून त्या आमच्या पायरीवरच बसल्या. घरी जायला तयार होईनात. दुसऱ्या पायरीवर हे बसले, कारखान्याचा डबा मांडीवर घेऊन. दोघांना एकमेकांची भाषा अर्धीमुर्धी येते, पण त्या सकाळी दोघंही माझ्याकडे एकसारख्याच नजरेनं बघत होते.

मी ठिपके घातले, जोडले, उठले. काही नाही.

दुसऱ्या दिवशी मोठी काढली. काही नाही. तिसऱ्या दिवशी त्याहून मोठी. भाजणीचा डबा खालच्या कपाटात ठेवून तीनदा काढला. कॉटखालच्या चपला ओढल्या. ज्या धडधडीनं वर्षभर न बोलावता येऊन छळलं, तिला आता आमंत्रण देऊन दमले. सायली रोज ऑफिसातून मेसेज करायची, "आली का?" हे रोज उशिराच्या मेट्रोनं पीण्याला जायचे. आमच्या दारातली रांगोळी गेटपर्यंत पोचली, तेव्हा पेपरवाल्यानं विचारलं, घरात काय कार्यक्रम आहे.

आठवडा संपत आला होता. मनातून मी खचले होते. पट्टी काढून द्यायची, पुन्हा स्वच्छ रिपोर्ट यायचा आणि मग त्याच अंधारात गोळी घेत राहायची. त्या सकाळी रांगोळी झाली, मी उठले, पदर झटकला. डब्याचं झाकण खाली राहिलं होतं. ते उचलायला वाकले आणि आत कुणी तरी खटका दाबावा तशी सुरू झाली.

"आली," मी म्हणाले.

जयक्का अजून माझी नक्कल करतात. म्हणतात, गावाहून लेक आल्यासारखं बोललात. खरंच मला इतका आनंद झाला होता. गळ्यात शीर उडतेय, हातापायातलं बळ गेलंय आणि मी हसतेय. बटण दाबलं. ह्यांनी मला पायरीवर बसवलं आणि माझं मनगट घट्ट धरलं. त्यांचाच हात गार पडला होता. जयक्का तोंडानं काही तरी पुटपुटत होत्या. थोडा वेळ तसंच बसून राहिलो. मग मी नाक दाबून जोर लावला. एकदा. पुन्हा एकदा. आणि जशी आली तशीच, एकदम, थांबली.

"आयिता?" जयक्कांनी विचारलं. झालं का?

"आयितु."

हे त्या दिवशी कारखान्यात गेलेच नाहीत.

ठिपके

डॉक्टरबाईंनी संगणकाचा पडदा आमच्याकडे वळवला. आठवड्याभराचे ठोके तपासणाऱ्यांनी आधीच चाळून ठेवले होते, आणि मी बटण दाबलं तो तुकडा वेगळा काढला होता. मी आईचा विचार करत होते. ह्यांनी माझ्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला होता, तो मला जाणवत होता.

"हे बघा, हे तुमचे नेहमीचे ठोके. इथं एक ठोका वेळेआधी आला. आणि इथून पळापळ. आता मला सांगा, या पळापळीत तुम्हाला काय दिसतं?"

मला काय कळणार होतं? उंच टोकांची रांग होती, एकाला एक लागून. मी नुसती बघत राहिले. मग डोळ्यांना सवयीचं काही तरी दिसलं.

"ठिपके जवळजवळ पडलेत," मी म्हणाले. "पण अंतर सारखं आहे."

"सारखं आहे ना?" त्यांनी पडद्यावर मोजपट्टीसारखी खूण सरकवत नेली. प्रत्येक टोकाशी ती बरोबर जुळत गेली. "एएफ असतं, म्हणजे ज्याची तुम्हाला भीती होती ते, तर अंतर कधीच सारखं आलं नसतं. एक इथं, एक तिथं, रांगोळी हातातून सांडल्यासारखं. हे तसं नाही. वेगानं चाललंय, पण शिस्तीत. एकदम सुरू, एकदम बंद."

त्यांनी एक लांबलचक नाव सांगितलं. मला समजलं ते असं, की माझ्या हृदयात विजेची एक जादा वाट आहे. बहुधा जन्मापासूनची. वेळेआधी पडलेला ठोका त्या वाटेत शिरला की गोल गोल फिरत बसतो. ती वाट तारेनं जाळता येते.

"आईचं होतं ते हे नाही?" मी विचारलं.

"तुमच्यात ते कुठंही दिसलं नाही. गोळी बंद करू."

"नक्की?" ह्यांनी विचारलं. मग पुन्हा विचारलं. मग सायलीनं इंग्रजीत विचारलं. डॉक्टरबाईंनी तिघांनाही न कंटाळता तेच उत्तर दिलं, आणि वर एवढंही सांगितलं की म्हातारपणी एएफ कुणालाही होऊ शकतं, रक्तदाब सांभाळायचा, तपासणीला येत राहायचं. ते मी ऐकलं. पण तोवर मी रडायला लागले होते. सायलीनं रुमाल दिला, तो ह्यांनी घेतला आणि स्वतःचं नाक पुसलं.

हे वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या रेकॉर्डिंगवर ठिपके सांडलेले निघाले, तर त्यांना माझं एकच सांगणं आहे. गोळी घ्या आणि नेमानं घ्या. तुमच्यासाठी तीच विळीपेक्षा महत्त्वाची. माझ्या आईच्या पाखराची कागदावर एक रेघही वेळेत उमटली नाही. उमटली असती तर तिनं अजून पोळ्या लाटल्या असत्या. त्या दिवशी मी रडले ते निम्मं सुटकेचं होतं आणि निम्मं यासाठी होतं.

पळवून बघू

तारेच्या उपचाराबद्दल लोकांना फार भीती असते, म्हणून थोडं सांगते. सकाळी बांगड्या, मंगळसूत्र काढून सायलीच्या ताब्यात दिलं. हिरवा झगा, उपाशी पोट. केरळची एक सिस्टर येऊन मांडीशी केस काढून गेली. लाज वाटते, पण तिला नाही वाटत हे बघून आपलीही जाते. आतली खोली गार, पडदेच पडदे. पूर्ण भूल देत नाहीत. मांडीतल्या शिरेतून तारा आत गेल्या तेव्हा टोचल्यासारखं झालं, तेवढंच.

मग डॉक्टरबाईंचा आवाज आला. "काकू, आता मी तुमचं हृदय मुद्दाम पळवणार आहे. घाबरू नका."

"पळवा," मी म्हटलं. "मी आठवडाभर तेच करत होते."

खोलीतले सगळे हसले. पळवलं, तीच धडधड, तीच शीर. मग जागा शोधून जाळली. छातीत जरा गरम झाल्यासारखं वाटलं, की वाटून घेतलं, देव जाणे. आणि मग त्यांनी पुन्हा पळवायचा प्रयत्न केला. नाही पळालं. औषध देऊन पळवलं. नाही पळालं. मी डोळे मिटून पडले होते आणि प्रत्येक वेळी त्या "नाही येत" म्हणायच्या, तेव्हा मला दारात बसलेल्या जयक्का आठवत होत्या. एवढी सुंदर निराशा मी कधी ऐकली नव्हती.

नंतर पाय सरळ ठेवून पडून राहावं लागतं, तो खरा कंटाळा. संध्याकाळी हे कुठून तरी कॉफी घेऊन आले. एकाच पेल्यातली दोघांत, इथली बाय-टू. गार झाली होती, साखर जास्त होती. मी ती शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले.

दारात

घरी सोडताना सांगितलं, काही दिवस वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही. जखम भरेपर्यंतच. दुसऱ्या दिवशी सकाळी मी खिडकीतून बघते तर जयक्का पायरीवर बसून पदर तोंडाला लावून हसत होत्या, आणि आमचे हे दारात उकिडवे बसून ठिपके घालत होते. हातात कारखान्यातली स्टीलची पट्टी. एक ठिपका, पट्टी, दुसरा ठिपका, पट्टी. ओळ झाली की मागं सरून एक डोळा मिटून बघायचे.

"जोडायला येत नाही मला," ते म्हणाले. "पण अंतर सारखं आहे. बघ."

रोज त्यांनी ठिपके घातले आणि जयक्कांनी जोडले. विळी माळ्यावरून खाली आली. तपासणी झाली, डॉक्टरबाईंनी म्हटलं, सरी, ठीक आहे, आता वाका. त्या सकाळी ठिपके तयार होते. मी डबा घेऊन त्यांच्यासमोर वाकले. हे आणि जयक्का आपापल्या पायरीवर. दोघंही श्वास धरून. एक रेघ, दुसरी रेघ. पूर्ण रांगोळी जोडली, कोपरे भरले. झाकण मुद्दाम खाली टाकलं आणि वाकून उचललं.

ह्यांनी पाठीवर हात ठेवला. "काही होतंय?"

"होतंय की."

त्यांचा हात तिथंच थबकला.

"कंबर दुखतेय," मी म्हणाले.

ह्यांनी पट्टी खिशात घातली, आत गेले आणि बऱ्याच वेळानं विळीवर काही तरी चिरल्याचा आवाज आला. मी दारात उभी राहून ऐकत होते. भेंडी होती. जरा जाडच चिरत होते.